माझ्या सुनेचा वेगळा नेलकटर

आमच्या घरात नेलकटर एकच होता, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला. बांधलेला अशासाठी, की मोकळा ठेवला तर तो कपाटाखाली जायचा आणि सगळ्या घराची नखं वाढायची. ह्यांची गिरणी बंद पडली त्या सुमारास तो घरात आला, आणि मुलुंडची आमची चाळ पाडून इमारत झाली तेव्हा सुतळीसकट चौथ्या मजल्यावर आला. गजाशी उभं राहायचं, हात बाहेर काढायचा आणि कापायची नखं. ती खालच्या बाईच्या तुळशीत पडायची. तिने भांडण काढलं की मी म्हणायची, "वाऱ्याला सांगा."

सून लग्न होऊन आली तेव्हा तीही त्याच गजाशी उभी राहायला लागली. मला वाटलं, चला, पोरगी रुळली.

मग तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की ही आता गजाकडे फिरकतच नाही. नखं मात्र कापलेली, गोल, नीटनेटकी. मग कापते कुठे? मी पाळत ठेवली. तिच्या पर्समध्ये एक लाल नेलकटर सापडला. सापडला म्हणजे काय, पर्स पडली होती, मी उचलली, आणि उचलताना ती जरा उघडली.

त्या वेळची मी म्हणजे साठीला टेकलेली, नव्यानेच सासू झालेली बाई. तिची आणि माझी आता फारशी ओळख राहिलेली नाही, त्यामुळे तिच्यावर हसायला मला मोकळीक आहे. तिला वाटायचं, आपण फार हुशार आहोत आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही. सुटत नव्हतं हे खरं. फक्त जे दिसायचं त्याचा अर्थ दर वेळी चुकायचा.

नेलकटरनंतर तिने दात घासायच्या ब्रशची नोंद घेतली. मोरीतल्या ग्लासात आमचे चार ब्रश गळ्यात गळे घालून असायचे. त्यातला सुनेचा गेला आणि आतल्या खोलीत झाकणवाल्या डबीत जाऊन बसला. मुलाने दाढीचं सामान वेगळ्या पिशवीत ठेवलं. पूर्वी बापलेक एकाच रेझरने दाढी करायचे. मी हिशेब मांडला: पोरं वेगळी राहणार. पवईला मुलाचं ऑफिस, म्हणजे तिकडेच कुठेतरी जागा बघितली असणार. नाहीतर बोरिवलीला, तिथे सुनेची मैत्रीण आहे. आधी ब्रश वेगळे होतात, मग गॅस.

ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "माझा रेझर आता मला सुका मिळतो. बरं झालं."

त्याच आठवड्यात सून विळीवर नारळ खवत होती. नारळ सटकला आणि तिचं बोट चांगलंच फाटलं. मी हळदीचा डबा घेऊन धावले. तर ती ओरडली, "आई, हात लावू नका! लांब व्हा!"

माझ्या स्वयंपाकघरात मला कोणी लांब व्हायला सांगितलं नव्हतं. खुद्द माझ्या सासूनेही नाही, आणि ती काही कमी नव्हती. मी डबा हातात धरून उभी राहिले. सुनेने बोटाला स्वतःच फडकं गुंडाळलं, खवलेला नारळ कचऱ्यात टाकला आणि विळी, ओटा, फरशी ब्लीचिंगने धुतली. एक थेंब सांडला होता तिथे दोनदा. धुताना ती रडत होती. मी तेही पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, माझा हात लागू नये म्हणून किती ती धडपड. हिला माझी घाण वाटते.

आता सांगा, अशा बाईला काय म्हणायचं?

संध्याकाळी मुलाला भाजीला जायच्या निमित्ताने खाली नेलं आणि नारळपाण्याच्या गाडीपाशी गाठलं.

"कधी निघताय?"

"कुठे?"

"पवईला. नाहीतर बोरिवलीला. कुठे ठरलंय ते मला काय माहीत."

"आई, काय बोलतेयस तू?"

"नेलकटर वेगळा, ब्रश वेगळा. मला आंधळी समजू नकोस हां."

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला. शहाळंवाल्याकडे पाठ करून तो हळू आवाजात म्हणाला, "तिच्या रक्तात कावीळ निघालीय. बी प्रकारची. पहिल्या तपासणीत कळलं."

"कावीळ? अरे, डोळे तर दुधासारखे आहेत तिचे!"

"ही तशी नसते गं. आत नुसती बसून राहते. तिला आत्ता काही त्रास नाही. पण बाळंत होताना ती बाळाला जाते. आणि तान्ह्या बाळाला लागली की जात नाही, जन्मभर राहते, पुढे लिव्हर खाते." शहाळ्यातली नळी तो उगाच फिरवत होता. "बाळ आल्या आल्या त्याला दोन इंजेक्शनं द्यायची. त्याच दिवशी, जितकी लवकर तितकं बरं. ती मिळाली तर बहुतेक वाचतं. तेवढंच आहे आपल्या हातात. रक्तातून पसरते म्हणून ब्रश, रेझर, नेलकटर वेगळे. बाकी जेवणाखाण्याने, शिवण्याने काही होत नाही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तीच नको म्हणाली. म्हणाली, आई पहिल्यांदा विचारतील, कुठून आली?"

"मी कशाला विचारीन?" मी म्हटलं, आणि इमारतीच्या जिन्यापर्यंत येताना विचारायला सुरुवातही केली. फक्त मनात.

कुठून आली? मला उत्तर लगेच मिळालं. सुनेच्या मनगटावर एक पाखरू होतं. कॉलेजात असताना मालाडला कुठल्याशा दुकानात टॅटू काढून घेतलेलं. लग्नाच्या बोलणीत मी ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता त्या पाखराकडे माझी अशी नजर लागली की सून पोळ्या लाटताना बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायला लागली.

पण नुसता संशय घेऊन गप्प बसणारी मी नव्हे, उपायही माझ्याकडे तयार असतो. आमच्या लोकांत कावीळ म्हटली की ती उतरवायची. भांडुपला एक मामा होते, कावीळ उतरवणारे. परातीत चुन्याचं पाणी घ्यायचे, रोग्याचे हात त्यात धरायचे, वरून कसलासा पाला चोळायचे. पाणी पिवळं व्हायचं. तेवढी कावीळ उतरली. चाळीतली निम्मी पोरं आम्ही त्यांच्याकडे नेली होती.

सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, प्लीज." हे प्लीज म्हणजे नाही, हे मला तोवर कळलं होतं. मग मी एकटीच गेले. मामांना म्हटलं, तिच्या नावाने माझे हात धुवा. मामा म्हणाले, चालेल की. पाणी पिवळंधमक झालं. मामा म्हणाले, "जबरदस्त होती. गेली बघा मुळापासून. आता इंजेक्शनबिंजेक्शन काही नको."

परत येताना रिक्षात मी खूश होते. मामांकडे घाटकोपरहून आलेली एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती, त्याचे डोळे हळदीसारखे. त्याचं पाणी पिवळं झालं. माझंही तितकंच पिवळं. आणि इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझी संशयी खोड त्या एका दिवशी तरी कामाला आली म्हणायची. कावीळ सुनेला, हात माझे, आणि पाणी पिवळं? दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन परत भांडुपला गेले. ह्यांना उभ्या आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही.

"मला कशाला?" हे म्हणाले.

"हात धुवून मिळतात. चला."

ह्यांचं पाणी आम्हा सगळ्यांपेक्षा पिवळं झालं. मामा गंभीर चेहरा करून म्हणाले, "फार जुनी आहे."

हे खाली उतरल्यावर म्हणाले, "माझे हात गिरणीपासून एवढे स्वच्छ झाले नव्हते." आणि मग मी पालाच चुन्याचं पाणी पिवळं करतो एवढं समजून घेतलं. इतकी वर्षं आम्ही पोरं नेत होतो त्याचं काय, हा विचार मी त्या दिवशी केला नाही. आजही फार करत नाही.

मामांवरचा विश्वास उडाला म्हणजे डॉक्टरांवर बसला असं नाही. पुढच्या तपासणीला मी सुनेबरोबर घाटकोपरच्या हॉस्पिटलात गेले, डॉक्टरणीला उघडं पाडायला. एका दिवसाच्या बाळाला दोन सुया म्हणजे काय? नक्की काहीतरी खपवायचं असणार. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला तुसडी नव्हती. मी सरळ पाखराकडे बोट दाखवलं. "हे त्याच्यामुळेच ना?"

तिने पाखराकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या उजव्या हातावर तुळशीचं रोप आहे आणि भोवती चार ठिपके.

"आजी, हे कधी काढलंत?"

"गोंदण? लहान होते. जत्रेत गोंदणारीण यायची."

"सुई प्रत्येकीला नवी होती?"

मला हसू आलं. नवी कुठली! आम्ही सगळ्या मुली ओळीने बसलो होतो आणि ती एकच सुई रंगात बुडवत, मधेच पदराला पुसत, पुढे सरकत होती. मी मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "मग तुमचंही रक्त काढूया. घरातल्या सगळ्यांचंच काढायचंय."

सून खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्या हुशार बाईने कसे काढले ते ऐका. तिने स्वतःचा ग्लास वेगळा केला. मग ताट. डॉक्टरणीने भांड्यांनी काही होत नाही असं दोनदा सांगितलं होतं तरी. गजावरचा नेलकटर तिने सोडून पिशवीत घातला, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. आरशात डोळे ताणून बघायची. मुलाकडे बघितलं की वाटायचं, ह्याला मीच तर दिली नसेल? आणि तुळशीवर बाही ओढून घ्यायची, अगदी सुनेसारखी.

रिपोर्ट आले. मी साफ, हे साफ, मुलगा साफ. खरं सांगते, मी सुटले, आणि जराशी नाराजही झाले. एवढी तयारी केली होती.

आम्हा तिघांना लस टोचली गेली. डॉक्टरीण म्हणाली, "कुठून आली हे शोधून काही हाती लागत नाही. टॅटू असेल, दाताचा डॉक्टर असेल, सलून असेल. पण बऱ्याचदा ती जन्मताच आईकडून आलेली असते. आईला स्वतःलाही ठाऊक नसतं."

या वेळी सून हसली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, एक ऐकाल? माझ्या आईला यातलं काही सांगायचं नाही."

"का गं?"

"तिला वाटेल, तिनेच दिली. आणि धाकटीचं जमवतायत. मोठीला कावीळ म्हटल्यावर गावात काय बोलतील, तुम्हाला माहितेय ना?"

मला माहीत होतं. मी स्वतः तेच बोलले असते. "नाही सांगत जा," मी म्हटलं. कबूल करताना सोपं वाटलं.

विहीणबाई सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला आल्या. गाव आमच्याच बाजूचं, खाडीच्या पलीकडचं. येताना सोलं, कुळथाचं पीठ आणि मुलीला न्यायची तयारी घेऊन आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण त्यांच्या गावापासून मोठा दवाखाना लांब. डॉक्टरीण आम्हाला बजावून म्हणाली होती, पहिली लस कुठेही मिळेल, पण दुसरं इंजेक्शन तिथे त्या दिवशी हजर असेलच याची खात्री नाही. बाळ घाटकोपरलाच झालं पाहिजे. हे सांगायचं तर कारण सांगावं लागणार. ते न सांगता अडवायचं, तर अडवणार कोण? मुलगा तोंड चुकवून ऑफिसला गेला. हे पेपरात गेले. राहिले मी.

"ती इथेच बाळंत होणार," मी म्हटलं.

विहीणबाईंच्या हातातली ओटीची सुपारी तशीच राहिली. "कित्याक?"

"आमच्याकडे पहिलं बाळंतपण सासरीच होतं."

"असा? तुमचा पयला खंय झाला?"

आता ते माझं माहेरीच झालं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं, कारण लग्नाच्या बैठकीत मीच अर्धा तास त्याची कथा सांगितली होती. मी म्हटलं, "त्यानंतर आम्ही पद्धत बदलली."

"माज्या चेडवाक म्हायेराक धाडूक तुमका काय जाता?" त्यांचा आवाज चढला. "काम करूक होया म्हणान ठेवतास?"

खालची तुळसवाली बाई डोहाळजेवणाला आली होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. सून माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मी म्हटलं, "हो. मला कामाला कोण आहे दुसरं?"

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत मी छळणारी सासू म्हणून ओळखली जाते. काहीजण अजून तसं समजतात. मीही खोडून काढत नाही, लिफ्टमध्ये जागा मिळते.

विहीणबाई गावी परतल्या नाहीत. "मगे मीच ऱ्हवतंय," म्हणाल्या आणि माझ्याच घरात मुक्काम ठोकला, मुलीला माझ्यापासून वाचवायला. त्या काय करायच्या? मी केलेली आमटी मुलीच्या ताटात पडायच्या आधी चाखायच्या. मी सुनेशी दोन शब्द बोलले की भांडी घासायचं थांबवून कान द्यायच्या. माझी पिशवी एकदा पडलेली त्यांना दिसली, त्यांनी उचलली, आणि ती जरा उघडली. मी ते पाहिलं. मला राग यायला हवा होता, पण मनात म्हटलं, अगदी माझा हात!

मग गोळी सापडली. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरणीने सुनेला रोज एक गोळी दिली होती, रक्तातला विषाणू खाली आणायला. सून ती साड्यांच्या घडीखाली ठेवायची. विहीणबाई ते पाकीट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ह्यो गोळ्यो कसल्यो?"

"ताकदीच्या."

"ताकदीच्यो गोळ्यो कपड्यांखाली लपवतत?"

त्या जवळ आल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "झील होवचो म्हणान काय चारतास तिका?"

मुलगा व्हावा म्हणून मी सुनेला औषध चारते, असा त्यांचा संशय! आयुष्यभर मी इतक्या लोकांवर इतके संशय घेतले, पण माझ्यावर कोणी इतका मोठा घेतला नव्हता. सुनेने आईच्या हातातून पाकीट घेतलं आणि म्हणाली, "आई, डॉक्टरांनी दिल्यात. बास." विहीणबाईंनी मान हलवली. डॉक्टरही सासूनेच निवडला होता ना.

संध्याकाळी मी सुनेला खिडकीत गाठलं. "तुझी आई मला आता पोलिसात देणार. सांगून टाक गं बाय."

"थोडे दिवस, आई. बाळ होऊ दे." तिचा हात पोटावर होता. "एकदा इंजेक्शनं झाली की मग कोणी काही बोलू दे."

मग मी आणखी काही दिवस दुष्ट राहिले. जमतही होतं म्हणा.

कळा सकाळी सुरू झाल्या आणि भर दुपारी घाटकोपरच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. बाहेरच्या बाकावर मी विहीणबाईंना म्हटलं, "औषध काही लागू पडलं नाही वाटतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

वॉर्डात आणल्यावर बाळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं, गुंडाळलेलं, लाल. मुलगा दुसरं इंजेक्शन बर्फाच्या डबीतून घेऊन आला होता, ते सिस्टरकडे देऊन तो खाली सह्या करायला गेला. सिस्टर ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन सुया.

"बाळ द्या इकडे."

"कित्याक?"

"इंजेक्शन द्यायचंय."

"दोन? आता जल्मलेल्या पोराक?" विहीणबाईंनी बाळ छातीशी घेतलं आणि भिंतीला पाठ लावली. "ह्या कोणी सांगितला? हिने सांगितला?" हिने म्हणजे मी.

"आजी, उशीर करू नका," सिस्टर म्हणाली.

"माका आदी सांगा कसल्यो सुयो. तोवर मी देवचंय नाय."

मी त्यांच्या समोर होते. बाळाच्या दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं, माझ्या अंगठ्याएवढं. तेवढ्यासाठी मी डोहाळजेवणात नाक कापून घेतलं होतं, आमटी चाखू दिली होती, आणि आता ते पाऊल माझ्याच मूर्ख नाटकामुळे अडलं होतं. या बाईला मी इतकं पटवून दिलं होतं की मी वाईट आहे. आता मी खरं जरी बोलले तरी ती कसा विश्वास ठेवणार?

खाटेवरून सून बोलली. आवाज फार नव्हता तिच्यात. "आई, दे तिला. कावीळ मला आहे. रक्तातली. तिला लागू नये म्हणून त्या सुया आहेत."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमका म्हायत होता?"

"होतं."

"म्हणान धाडूक नाय?"

"म्हणून."

"आणि त्यो गोळ्यो?"

"त्याही तिच्याच."

त्या खाटेच्या कडेला बसल्या, दुपटं स्वतःच्या हाताने सोडलं, बाळाची एक मांडी उघडी केली आणि सिस्टरला म्हणाल्या, "हळू टोचा." एक झाल्यावर दुसरी मांडी. बाळाने असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी एक पाय धरला होता, विहीणबाईंनी दुसरा. बाळाला काय, दोन्हीकडून दोन आज्या.

आईचं दूध पाजायला हरकत नाही, डॉक्टरीण म्हणाली. सुनेने लगेच पाजलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी विहीणबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. बाळ झोपलं होतं. त्यांनी तो प्रश्न विचारला, जो माझा सगळ्यांना विचारून झाला होता. "खंयसून इली असात तिका?"

"शोधून काही मिळत नाही," मी म्हटलं. "मी शोधलंय. तिच्या पाखरापासून माझ्या जत्रेपर्यंत गेले मी. माझे हात धुतले भांडुपला, मग ह्यांचेही."

त्यांना भांडुप कळलं नाही. त्यांनी गज धरला. मग स्वतःच्या आईबद्दल म्हणाल्या, "माजी आवस पोटात पाणी होवन गेली. तेव्हा डॉक्टर म्हणालो, लिव्हर. दारू तर ती कधी पियाक नाय." आणि मग, "माजा रगात काढूक घेवन चला."

निघाली. त्यांच्याही रक्तात तीच. कधीपासून, कोण सांगणार. लिव्हर ठीक होतं, अधूनमधून तपासायला सांगितलं. त्या दिवशी रिक्षात त्या मुलुंड येईपर्यंत रडल्या. "माज्याकडसून गेली," एवढंच. मी म्हटलं, "तुमच्या वेळी ह्या सुया कुठे होत्या? तुमच्या पोरीला त्या द्यायलाच कोणी आलं नाही." धाकटीला त्यांनी स्वतः फोन करून तपासून घ्यायला लावलं. ती साफ निघाली, तिने लस घेतली, आणि ज्याच्याशी जमत होतं त्याला स्वतःच सांगितलं. गावाने काय बोलायचं ते बोललं. विहीणबाई म्हणाल्या, "बोलांदेत. त्येंचापण रगात काढा म्हणाचा."

पुढे नातीच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या. पण लागली की नाही हे कळायला ती वर्षाची होईपर्यंत थांबायचं होतं. त्या वर्षात त्या पोरीला जरा ताप आला की मी डोळे ताणून बघायची. सून म्हणायची, "आई, डोळ्यांत दिसत नाही ती." मला माहीत होतं. तरी बघायची. सून स्वतः मात्र बाळ झोपल्यावर वाकून बघताना मला कितीदा दिसली.

वाढदिवसाच्या आसपास रक्त दिलं. विहीणबाई मुद्दाम गावाहून आल्या. मुलुंडच्या लॅबमधून मुलगा रिपोर्ट घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "साफ आहे." सून खाली फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली, वर्षभराचं. ह्यांनी पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवला.

सगळे पांगल्यावर विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. "ह्या लॅबवाल्याचा काय खरा? नळी बदलली असात तर?"

मला तेच कधीपासून वाटत होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नातीला बागेत नेतो म्हणून निघालो आणि घाटकोपरच्या दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. नात किंचाळली. विहीणबाईंनी पाय धरला, मी हात. मग खरंच बागेत गेलो, फुगा घेतला, तोंड पुसलं. चार वाजता रिपोर्ट मिळाला. तिथेही साफ. विहीणबाईंनी त्या माणसाला विचारलं, "नक्की मा?" तो म्हणाला, "आजी, नक्की." तेव्हा कुठे त्यांनी ओच्यातला पेढा काढून अर्धा मला दिला.

आता आमच्या गजावर पाच नेलकटर आहेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. नात स्वतःचा हिरवा ओळखते.

दुसऱ्या लॅबमधून परतलो त्या संध्याकाळी आंघोळ घालताना सुनेने नातीचा हात उजेडात धरला. एक टोचल्याची खूण जुनी होती, पिवळी पडलेली. दुसरी ताजी, लालबुंद.

"आई," ती मोरीतून म्हणाली, "ही दुसरी कुठून आली?"

विहीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी विहीणबाईंकडे.